दुधाच्या वेळेची सफाई

"दुधाच्या टायमाला सफाई बंद म्हंजे बंद," असं आमचे चेअरमन राधाकृष्णतात्या वर्षभर सांगत होते, आणि मी वर्षभर त्यांच्याशी भांडत होते.

पारनेरजवळच्या या डेअरीचा डेटाबेस मी सांभाळते. गावोगावच्या केंद्रांवर दूध मोजलं की प्रत्येक नोंदीला एक क्रमांक मिळतो. क्रमांक काही अमर्याद नसतात, फिरून तेच पुन्हा वापरात येतात. म्हणून जुन्या नोंदींवर आधीच ‘जुनी’ असा शिक्का मारून ठेवावा लागतो, नाहीतर कालचं दूध उद्याचं ठरून दिसेनासं व्हायचं. शिक्के मारत फिरणं हीच ती सफाई. दर केंद्राचा, दर महिन्याचा कप्पा वेगळा. पण एक जुना कप्पा राहिला तरी सगळ्यांचं अडतं.

सफाई चालू असली की मशीन जरा संथ होतं. रांगेत कुणी कुरकुरलं की तात्यांचा फोन आलाच. सकाळी धार, संध्याकाळी धार, दोन्ही वेळा काम अर्ध्यावर तोडायचं. मोठे कप्पे कधी पुरे झालेच नाहीत.

शिक्के राहिले, तसे मोकळे क्रमांक संपत गेले, आणि आज सकाळी डेटाबेसने नवीन नोंद घ्यायला साफ नकार दिला. कागदावर लिहून घ्यावं म्हटलं, तर कागदावरच्या फॅटच्या आकड्यांवरून मारामाऱ्या झाल्यापासून तात्यांनीच सोय करून ठेवलेली, की नोंद झाल्याशिवाय दुधाच्या कूलरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दूध कॅनमध्येच नासलं.

दुपारी आईचा फोन आला. गावातल्या केंद्रावर तीही दूध घालते.

"निके, सकाळचं वतून दिलं गं. संध्याकाळचं तरी घेतील का?"

"एकच कप्पा राहिलाय, आई. घेतील."

"मंग सांगते समद्यांना. तुझ्या भरवशावर."

मी फोन ठेवून पडद्याकडे पाहिलं. सफाई खरंच शेवटाला आली होती.

धारेची वेळ झाली तसे तात्या आत आले. "झालं का?"

"थोडं राहिलंय. हात लावू नका, तात्या. मध्येच तोडलं तर हा कप्पा पहिल्यापासून करावा लागेल."

"आगं, सफाई चालू हाय म्हनूनच तर अडलंय! बंद केली की कसं पळतं, वर्षभर बगतोय मी."

मी खुर्चीतून उठेपर्यंत त्यांनी यूपीएसचं बटण दाबलं होतं. पंख्यांची घरघर थांबली. "कर आता चालू," तात्या म्हणाले, आणि समाधानाने बाहेर गेले.

मी चालू केलं. नोंद घ्यायला पुन्हा तोच नकार, आणि सफाई त्या कप्प्याच्या पहिल्या पानावर. रागाने डोळ्यांत पाणी आलं. बटण दाबणाऱ्यापुढे माझं ज्ञान काय कामाचं?

फोन वाजला. "झालं का गं? समद्या जनी किटल्या घेऊन हुब्या हायेत. मी शबूद दिलाय तुझा."

"आई, त्यांना घरी जायला सांग. उद्या सकाळीही घेता येणार नाही."

 तिच्या मागून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"त्यांना सांगते," ती म्हणाली. "गाईला काय सांगू? उद्या पान्हा सोडू नको म्हनून?"