थोरलीची साक्ष

"अंगावरचं दूध कुठलं गं? डब्याचं!" कांदे सोलता सोलता महादीची मावशी मक तेह म्हणाली. "माझ्या बहिणीला थेंबभर दूध नव्हतं. महादी सगळा डब्यावर वाढला. ते घट्ट गोड दूध मी स्वतः कोमट पाण्यात कालवून पाजायचे त्याला. म्हणून तर मेला अजून असा गोड बोलतो."

बाया खळखळून हसल्या. आलोंगला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. नदीकाठी खांबांवर उभ्या असलेल्या त्या लाकडी घरात मागच्या बाजूला अर्धं गाव कामाला लागलं होतं. कोणी नारळ खवत होतं, कोणी केळीची पानं पुसत होतं. खाली अंगणात पुरुषांनी रश्श्याचा हंडा चढवला होता आणि त्याच्यापाशी महादी उभा होता. गावात कार्य कुणाचंही असो, हंडा महादीच्याच हवाली.

उसू मात्र हसली नाही. मिरचीवर टेकलेली तिची सुरी तशीच राहिली. उसू म्हणजे घरातलं शेंडेफळ. खरं नाव रुबिया, पण साठी आली तरी गावाला ती उसूच. तशी तिची थोरली बहीण ती आलोंग. कामरियाह हे तिचं खरं नाव तर कित्येकांनी कबरीवरच वाचलं.

"पण मक तेह," उसूने जमेल तितक्या सहज विचारलं, "माझ्या जन्माच्या वेळी आई तापाने पडली होती, तेव्हा तुमच्या बहिणीने मला पाजलं होतं ना?"

"पाजते कुठून? पोटच्या पोराला मिळालं नाही, तुला कुठून आणणार? तू पेजेच्या पाण्यावर जगलीस बाई. आणि आमच्याकडे ते डबे कोण पाठवायचं? तुझीच आई, आपल्या दुकानातून! 'पोर उपाशी राहायला नको' म्हणायची. फार मोठ्या मनाची बाई ती."

म्हातारी बोलून मोकळी झाली आणि पुढचा कांदा उचलला. तिला तरी काय ठाऊक? भाचा रांगत होता तेव्हाच ती लग्न होऊन समुद्रापलीकडे सबाहला गेली, ती नवरा वारल्यावर गेल्या वर्षी मुलाकडे परतली. मधल्या काळात इथे काय घडलं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

घडलं ते असं. उसू विशीत असताना महादीच्या घरून तिला मागणी आली. मागणी कसली, दोघांचं केव्हाच ठरलं होतं. वडीलधारी मंडळी फक्त मान डोलवायला बसली होती. अडचण एवढीच की आलोंग तिशी उलटून बिनलग्नाची होती. धाकटी आधी उजवली की तिने थोरलीचा उंबरा ओलांडला असं म्हणतात, आणि त्याबद्दल नवऱ्या मुलाने थोरलीला मानाचं वस्त्र द्यायचं. महादीच्या वडिलांनी जरीचं हिरवं कापड आणलं. आलोंगने ते साऱ्या बायकांसमोर मांडीवर उलगडलं, शिवणकाम करणाऱ्या बोटांनी पोत चाचपून पाहिला.

"रंग चांगला आहे," ती म्हणाली.

"घे, घे," कोणीतरी टोमणा मारला, "तेवढं तरी पदरात पडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता आलोंग आईला म्हणाली, "मला एक आठवलंय. तू शुद्धीत नव्हतीस, तेव्हा मीच उसूला उचलून महादीच्या आईकडे नेत होते. तिने उसूला छातीशी घेतलं होतं. चांगले चार-पाच दिवस. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

एका बाईचं दूध प्यालेली मुलं ती सख्खी भावंडं. त्यांच्या लग्नाचा विचारसुद्धा पाप. महादीची आई केव्हाच मातीआड झाली होती. बाप त्या काळात लाकूडतोडीला जंगलात असायचा, घरात कोण कोणाला पाजतं हे त्याला काय कळणार? उरली उसूची आई. इमामांनी तिला विचारलं. ती बराच वेळ चटईकडे बघत बसली.

"मी तापात होते," शेवटी ती म्हणाली. "आलोंग म्हणते आहे तर तसंच असेल."

"शंका आली की पाऊल मागे घ्यावं," इमाम म्हणाले. कापड परत गेलं.

तेव्हापासून महादी उसूचा भाऊ झाला आणि त्याने ते नातं निभावलंही. दुसऱ्याशी झालेल्या उसूच्या लग्नात ज्याने नवरदेवाच्या आसनावर बसायचं, तो मागच्या अंगणात पातेली घासत होता. पुढे त्याचंही लग्न झालं, त्याची बायको गेली, उसूचा नवरा गेला. ईदला ती थोरल्या भावाचा घ्यावा तसा त्याचा हात कपाळाला लावी. तो घरात आला की बाकीच्या बायका लगबगीने डोक्यावर ओढणी घेत, आलोंगसुद्धा घेई. उसू तेवढी उघड्या केसांनी तशीच बसे. भावापुढे कशाला झाकायचं? एवढंच काय ते तिच्या वाट्याला आलं होतं आणि त्यावरही तिने समाधान मानलं होतं.

पण समाधान मानण्याआधीचं ते वर्ष! सख्ख्या भावावर आपला जीव जडला, या विचाराने उसूला स्वतःची शिसारी आली होती. ते पाप धुऊन निघावं म्हणून तिने रोजे धरले, वाळून काडी झाली. आणि त्या रोज्यांना पहाटे उठून तिच्यापुढे गरम भात कोण वाढायचं? आलोंग. "खा गं, असं स्वतःला जाळू नये," असं पाठीवरून हात फिरवत म्हणायची. तो हात आत्ता उसूच्या पाठीला जाणवला.

"अशी बहीण नशिबाने मिळते," शेजारची लीजाह नारळ खवता खवता मक तेहला सांगत होती. "बाप नदीत बुडाला, तर हिला सांभाळायला आलोंगने शाळा सोडली. साऱ्या गावातल्या नवरीमुलींचे कपडे शिवले, पण स्वतःच्या अंगाला नवरीचं सूत लागू दिलं नाही. उसूसाठीच जगली बिचारी. काय गं उसू?"

"हो, माझ्यासाठीच," उसू म्हणाली.

"आणि दफनाच्या दिवशी ही काय बोलली! 'माझ्या आलोंगने कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं काही घेतलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा.' माणसं ढसाढसा रडली हो!"

उसूने पुढची मिरची सुरीखाली घेतली. साऱ्या गावाकडे तिने बहिणीसाठी पदर पसरला होता, आणि जिचं घेतलं होतं तिला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. आलोंगचं एक वेळ कळत होतं. बायकांच्या घोळक्यात ते कापड मांडीवर घेऊन बसायचं, टोमणे झेलायचे आणि उद्यापासून या घरात एकटीने दिवस काढायचे! पण आई? डबे पाठवणारी आई? तिला तर सगळं ठाऊक होतं. एका लेकीची लाज राखायला तिने दुसऱ्या लेकीला चटईकडे बघत बळी दिलं. दोघींनी मिळून तिचं आयुष्य काढून घेतलं आणि वर तिलाच गरम भात वाढला. आता भांडायचं तरी कोणाशी? दोघी नदीकाठी शेजारी शेजारी निजल्या होत्या, आणि त्यांच्या कबरींवरचं गवत उसूच काढत होती.

मागच्या जिन्यावर पावलं वाजली. हातात रश्श्याची वाटी, घामाने निथळलेला महादी दारात आला.

"उसू, मीठ बघ गं. हात आखडताच ठेवलाय. आलोंगला खारट चालायचं नाही."

बायकांनी सवयीने ओढण्या पुढे घेतल्या. उसूची ओढणी उकाड्यामुळे खांद्यावर पडली होती. तिने सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि ओढणी उचलून डोक्यावर घेतली. कपाळावरची पांढरी बट आत सारली, कानामागची सारली, आणि हनुवटीखाली पदर घट्ट धरून ठेवला.

महादीचं एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं होतं. तो हसला. "अगं, मीच आहे."

"हो. दिसतंय मला," उसू म्हणाली.

हसू त्याच्या तोंडावर तसंच अडकून राहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मक तेह कांदे सोलतच होती. "मघाशी तुझ्याच डब्याच्या दुधाची गोष्ट निघाली होती बघ," ती मान वर न करता म्हणाली. "आणि ही विचारते, तुझ्या आईने हिला पाजलं होतं का!"

  महादीने आत पडलेलं पाऊल मागे घेतलं, वाकून वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेला.

उसूने वाटी उचलून घेतली. पुढच्या ओसरीवर इमामांनी आलोंगसाठी माफी मागायला सुरुवात केली. लीजाहने खवणी बाजूला सारली, मक तेहने कांदा ठेवला, एकेक करून साऱ्या बायकांनी दुव्यासाठी हात वर केले. उसूच्या दोन्ही हातांत वाटी होती.