जिन्यातलं वळण

पालिकेच्या माणसाने चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि ऊन थेट माझ्या पायांशी आलं. जन्मभर तळमजल्यावर, ट्यूबलाइटखाली शिवणकाम केलेल्या बाईला आणखी काय हवं? आगीच्या बंबावरचे, ॲम्ब्युलन्सवाले आणि कमी कमाईची माणसं यांना या इमारतीत घर घ्यायला पालिका हातभार लावत होती. आज आमचा नंबर होता. संध्याकाळपर्यंत होकार दिला नाही, तर घर पुढच्याला जाणार होतं.

आणि आमचे ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर? ते घरात आलेच नाहीत. जिन्याच्या वळणावर हात पसरून उभे!

"अहो, काय मोजताय तिथे?"

"स्ट्रेचर वळत नाही गं इथे. लिफ्टमध्येही मावणार नाही. नको हे घर."

माझा पारा चढला. "घर बघायला आलात की पेशंट उचलायला? चांगले धडधाकट आहोत आपण!"

"सगळेच असतात. आम्हाला फोन येईपर्यंत."

या माणसाचं डोकं कसं चालतं, हे कोडं मला लग्नापासून सुटलेलं नाही. स्वयंपाकघरात डोकावले नाहीत, नळ सोडून बघितला नाही. जिन्यातच संसार थाटायचा होता जणू.

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शाळेत झाडलोट करायच्या, याच योजनेतून नुकत्याच राहायला आल्या होत्या.

"म्हणजे मला काही झालं, तर मी वरच?" त्यांनी विचारलं. "माझे गुडघे तर आत्ताच संपावर गेलेत."

हे दोन पायऱ्या खाली उतरले. मग म्हणाले, "साधी खुर्ची आहे घरात?"

मावशींनी खुर्ची आणली आणि कोणी सांगायच्या आत स्वतःच बसल्या. यांनी खुर्चीची पाठ धरली, मला तिचे पुढचे पाय धरायला लावले.

"कमरेतून वाकू नकोस. गुडघ्यांवर जोर दे."

वळणावर माझं कोपर भिंतीला खरचटलं. "सांभाळून गं, अजून नातवाचं तोंड बघायचंय!" मावशी ओरडल्या. पण खुर्ची वळली, चांगली ऐटीत वळली. दुसऱ्या मजल्यावर आम्ही ती टेकवली. हे इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

"दोन माणसं असली की झालं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही ड्युटीवर असाल तेव्हा?" मावशींनी बसल्या बसल्या विचारलं.

मला धाप लागली होती, कोपर झोंबत होतं.

"घर घेतोय आम्ही," मी मागोमाग उतरलेल्या पालिकेच्या माणसाला सांगितलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. आत कोण राहतं, ठाऊक नव्हतं. पण खुर्चीची पाठ कशी धरायची, हे त्यांना मी आजच शिकवणार होते.