वास्कारची उंच खुर्ची

"टाळ्यांवर पोसलेला गडी आहे, पोरी," कच्ची केळी तळता तळता तेओफिला मावशीनं नोएमीला बजावलं होतं. "टाळ्या थांबल्या की त्यांच्यामागं हा कुठंही जाईल." नोएमी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वास्कार अमेरिकेच्या बेसबॉल मैदानावरून गळ्यात सोन्याची साखळी घालून आला होता. तिनं कढईजवळचं एक केळं तोंडात टाकलं आणि हसत निघून गेली.

पुढं दोघांचं लग्न झालं. मग वास्कारचा गुडघा गेला, मग करार गेला, मग साखळीही गेली. उरली ती कीर्ती. पुंता सेका गावात कीर्तीवर काहीही खपतं. बेसबॉल सोडलेल्या माणसाला जगातलं कुठलंही काम येतं, अशी इथल्या लोकांची ठाम समजूत. वास्कारनं टायरचं दुकान काढलं, बुडवलं. कोंबड्यांच्या झुंजीत पंच झाला, मार खाऊन परतला. शेवटी महापौरांनी त्याला किनाऱ्यावर जीवरक्षक नेमलं. लाल चड्डी, शिट्टी, उंच लाकडी खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर त्याचा जुना खेळाडू-नंबर रंगवलेला. वास्कार वाढला उसाच्या मळ्यात. खोल पाणी त्यानं पाहिलं होतं ते विहिरीत, तेही वाकून.

लेकीला कडेवर घेऊन नोएमी पालिकेत गेली. "साहेब, त्यांना पोहता येत नाही."

कारकून खुर्चीत मागं रेलून हसला. "वहिनी, गोळीसारखा चेंडू ज्यानं मैदानाबाहेर भिरकावला, तो पाण्याला भिणार होय?"

"भीत नाहीत, तीच तर पंचाईत आहे."

"घरी वाजलेलं दिसतंय," कारकून शेजारच्याला म्हणाला.

ईस्टरच्या आठवड्यात किनारा माणसांनी फुलला. राजधानीहून आलेला एक दंतवैद्य रम ढोसून खोल पाण्यात गेला आणि हात हलवू लागला. वास्कार तेव्हा समुद्राकडं पाठ करून चार पोरींना आपला जुना फटका दाखवत होता. आरडाओरडा झाला तशी त्यानं शिट्टी वाजवली. शिट्टी मात्र झकास वाजवली! मग गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला. मासे तळणारी चेपाबाई झारा टाकून, घागऱ्यासकट आत शिरली आणि दंतवैद्याला केसाला धरून ओढत आली. उथळ पाण्यात वास्कारनं तो तिच्याकडून घेतला, खांद्यावर टाकला आणि वाळूवर आणला. लोकांनी एवढंच पाहिलं. टाळ्यांचा कडकडाट! महापौरांनी पदक दिलं. चेपाबाईला मिळाले करपलेले मासे.

"असू दे गं," ती नोएमीला म्हणाली. "पदक काय तळून विकणार होते मी?"

त्या संध्याकाळी वास्कार आरशासमोर पदक सरळ करत म्हणाला, "पाण्यात काही अवघड नसतं बघ. हात मारत राहायचं."

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच नाही का त्याला काढला!"

तो थट्टा करतोय का, हे नोएमीनं निरखून पाहिलं. नव्हता करत. "गुडघाभर पाण्यात होतास, वास्कार."

"सगळ्या गावानं पाहिलंय," तो म्हणाला, आणि त्याच्या लेखी विषय संपला.

आता दर रविवारी लोक ओरडतात, "चॅम्पियन, आणखी आत!" आणि चॅम्पियन आणखी आत जातो. आधी कंबर बुडाली, मग छाती. गेल्या रविवारी हनुवटी. अडाण्यांचा मेळावा नुसता, आणि त्यात शिकलेलेही तितक्याच जोरानं टाळ्या वाजवतात. नोएमी दरवेळी लेकीला घेऊन काठावर उभी राहते, गर्दी तापली की नवऱ्याला हाक मारून, भांडून, रडून बाहेर काढते. त्याला लाज वाटते, पण तो येतो.

या रविवारी लेकीला ताप आहे. नोएमी राजधानीच्या दवाखान्यात, लेकीच्या उशाशी बसून आहे. वास्कार फोन उचलत नाही, आणि चेपाबाईकडं फोनच नाही. म्हणून नोएमीचं तुमच्याकडं मागणं आहे. पुंता सेकाच्या बाजूला असाल तर जरा किनाऱ्यावर जाऊन या. तो खुर्चीवर बसलाय ना, एवढं बघा. टाळ्या वाजवू नका. खुर्ची रिकामी दिसली तर महापौरांना शोधत बसू नका, चेपाबाईला हाक मारा.