विमानाचा मास्तर

“नाक वर… अजून थोडं… आता धर, धरून ठेव,” परेश पुटपुटला.

मोपाच्या पठारावर, विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर त्याने स्कूटर उभी केली होती. मागे बसलेली त्याची बायको सुविधा एक पाय जमिनीला टेकवून आकाशाकडे बघत होती. दोन पंख्यांचं विमान संध्याकाळच्या उन्हातून खाली खाली येत गेलं आणि धावपट्टीवर अलगद टेकलं. चाकांखालून बारीकसा धूर उडाला.

“तू कोणाक सांगतंस?” सुविधाने विचारलं.

“सेजलक.”

“तिका ऐकाक येता?”

परेश हसला. “टेकयल्यान बघ कसा. माका शिकवक सुद्धा काय ठेवल्यान नाय.”

तो हसत होता, पण स्कूटर सुरू करायला त्याने जरा वेळ लावला.

परेश गावस मूळचा गोव्यातल्या पाळी गावचा. घाटापलीकडे, महाराष्ट्रातल्या एका लहान गावात विमान शिकवणारी शाळा होती, तिथे तो शिक्षक होता. लायसन्स हातात पडलं त्या वर्षी कुठलीच कंपनी नवे पायलट घेत नव्हती, म्हणून सहा महिन्यांसाठी मास्तरकी धरली. पुढे कंपन्या पायलट घेऊ लागल्या, तेव्हा त्याच्या हाताखालून मुलं जात राहिली आणि तो तिथेच राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी रातराणी बसने घरी यायचा. पाळीत त्याला सगळे ‘विमानाचो मास्तर’ म्हणत.

या आठवड्यात मात्र दोन गोष्टी एकदम आल्या होत्या. शाळेचे मुख्य प्रशिक्षक महादेव सर निवृत्त होत होते आणि ‘ही खुर्ची तुझी’ असं त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकलं होतं. त्याच संध्याकाळी सेजलचा फोन आला. केरीच्या होडीवाल्याची ही मुलगी त्याच्याकडेच विमान चालवायला शिकली होती आणि आता एका छोट्या विमान कंपनीत कॅप्टन होती. कंपनीची आणखी विमानं मोपावरून सुटणार होती, सहवैमानिक हवे होते, आणि सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

पेडण्याच्या बाजारातल्या हॉटेलात सेजल युनिफॉर्मवरच आली. खांद्यावरच्या चार पट्ट्यांकडे गल्ल्यावरचा माणूस वळून वळून बघत होता. भाजी-पाव आला तशी ती पाव मोडता मोडता म्हणाली, “सर, तुमचा नाव मी ऑफिसात सांगून ठेवलंय.”

“माका न विचारता?”

“विचारल्यार तुमी नाय म्हणतलात.”

“अगो, मी एकेचाळीस वर्सांचो. माझ्याकडे शिकलेली पोरां कॅप्टन झाली. आता मी तुझ्या हाताखाली येव?”

“हाताखाली खंय, सर? बाजूक. शिकवताना तुमी उजवीकडे बसायचात, मी डावीकडे. थंय पण कॅप्टन डावीकडे, सहवैमानिक उजवीकडे. तुमची सीट तीच.”

“म्हणजे बसूचा थंयच, फक्त वराडूचा नाय,” सुविधा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हसू ओसरल्यावर सेजल ताटलीकडे बघत म्हणाली, “खरा सांगू? भय माकाच दिसता. तुमी बाजूक बसलात काय माझे हात परत पयल्या दिवसासारखे थरथरतले.”

परेशने तिच्याकडे नीट बघितलं. मग अचानक त्याने विचारलं, “ढगातसून वर जाताना कसा वाटता?”

“तुमी माका विचारतात?”

“आमची शाळेची विमानां ढगाच्या खालीच रवतत. ढग दिसलो काय परत फिरूचा, ह्या मीच तुका शिकवलंय. ढगाच्या वर मी गेलंय तो तिकीट काढून, पाठच्या सीटीवर.”

सेजलने पाव खाली ठेवला. “काय दिसणा नाय, सर. काच पांढरी धोप. विमान हालता. मगे एकदम ऊन येता, आणि खाली सगळो सपाट पांढरो. रोज जातंय, तरी त्या वेळार मी बोलूचा थांबतंय.”

परेशचा चहा तसाच राहिला. पाळीला परतताना रस्ताभर तो बोलत होता. नव्या विमानाचं इंजिन, त्याची उंची, समुद्राकडून येणारा वारा. डिचोली मागे पडल्यावर सुविधाने त्याच्या पाठीवर टिचकी मारली.

“एक सांगतंय, ऐक. माझ्यासाठी येव नको. इतकी वर्सां एकटीन काढलंय, आणखी काढीन. उद्या थंय जीव रमलो नाय तर माझ्या नावान खडे फोडशीत. तुका व्हया असात तर ये.”

“तुका नको?”

“माका कित्याक नको? पण ता मी आज सांगूचंय नाय.”

घरी त्याचे वडील धाकू सोप्यावर बसले होते. त्यांनी आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवला होता. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मुख्य म्हणजे मुख्य. तू आत इलंस काय लोक उठून उभे रवतले. ता सोडून तुझ्याकडे शिकलेल्या चेडवाक मॅडम म्हणतलंस?”

“म्हणूचा लागतला.”

“आणि तुका काय व्हया?”

परेशने त्यांना ढगांचं सांगितलं. सांगताना तो खुर्चीवरून उठला, हातांनी विमान वर नेऊन दाखवू लागला, आणि आपण लहान मुलासारखं करतोय हे लक्षात आल्यावर परत खाली बसला.

धाकूंनी अंगणाकडे मान वळवली.

“माझो ट्रक खाणीवरसून नदीच्या धक्क्यार आणि धक्क्यावरसून खाणीर,” ते म्हणाले. “दिसाक आठ खेपो. वाटेर बेळगावचे ट्रक दिसायचे. माका वाटायचा, एकदा आपलो ट्रक घेवन घाट चढाया. वर गेल्यार कसा दिसता ता बघूया.”

“मगे?”

“मगे काय? खाण बंद पडली. ट्रक विकलो.” ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. “जा तू. मुख्य जावक दुसरो कोणय गावतलो.”

सकाळी परेशने महादेव सरांना फोन केला.

“मला वाटलंच होतं,” सर म्हणाले. “पण आता तुला परत विद्यार्थी व्हायचंय. तू फार वाईट विद्यार्थी होणार आहेस, हे मी आत्ताच सांगतो.”

सरांचं म्हणणं खरं ठरलं. मुलाखत पार पडली, पण प्रशिक्षणाच्या नकली कॉकपिटमध्ये तो शेजारच्याला सूचना देत सुटला, तेव्हा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान प्रशिक्षक मागून म्हणाला, “सर, शिकवू नका. उडवा.” परेशने कान धरला. रात्री सुविधाला फोनवर हे सांगताना तो इतका हसला की तिला शेवटपर्यंत नीट काही कळलंच नाही.

पावसाळा संपता संपता त्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं आणि एका सकाळी त्याची पहिलीच ड्युटी सेजलबरोबर लागली. मोपाहून हैदराबाद आणि परत.

“गुड मॉर्निंग, सर,” ती म्हणाली.

“गुड मॉर्निंग, मॅडम.”

त्याने बेल्ट बांधायला घेतला. मग तिनेही आपला बेल्ट ओढून घेतला.

पठार खाली गेलं, तेरेखोलची नदी वळली, समुद्राची कड दिसली आणि काच पांढरी झाली. विमान हलू लागलं. परेशची नजर उपकरणांवर होती, तो आकडे म्हणत होता, आवाज सरळ होता. मग ऊन आलं. खाली लांबवर सगळं सपाट, पांढरं. सेजल गप्प झाली. तोही गप्प झाला. थोड्या वेळाने तिने तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच समोर बघू लागली. त्याचे डोळे भरले होते, आणि ते पुसण्याची त्याला काही घाई नव्हती.

परतताना मोपावर आडवा वारा होता. विमान धावपट्टीकडे उतरत असताना परेशच्या घशाशी जुनी सगळी वाक्यं आली. नाक, पाय, धर, सोड. त्याने ती गिळली. त्याच्या कामाचा तिथे एकच शब्द होता, आणि वेग जरासा कमी झाला तेव्हा तो त्याने उच्चारला.

“स्पीड.”

“करेक्टिंग,” सेजल म्हणाली. तिचे हात जराही थरथरत नव्हते.

प्रवासी उतरून गेले. सेजल कागदपत्रं आवरत बसली आणि बाहेरून विमान तपासायला परेश खाली उतरला. ते काम सहवैमानिकाचं. पंखा, पंख, चाकं, असं करत त्याने विमानाला एक फेरी घातली आणि मग आणखी एक. सामान उतरवणारा एक माणूस गाडीला टेकून त्याच्याकडे बघत होता. परेशचे कानांजवळचे पांढरे केस, खांद्यावरच्या कोऱ्या पट्ट्या.

“नवीन मां, सायबा?” त्याने विचारलं.

“हय,” परेश म्हणाला. “नवीन.”

आणि वाकून त्याने चाकाच्या टायरवरून हात फिरवला. रबर अजून गरम होतं.