फ्रीजमधले आकडे

कोलंबियातल्या बारांकिया शहरात दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि ओस्वाल्दोच्या ऑफिसात मात्र माणसं स्वेटर घालून काम करतात. एसीचा असा गारठा, की बोटं आखडावीत. तिथे मोबाईलवरचा एक खेळ बनत होता. रंगीबेरंगी बस घेऊन शहरभर ठोकाठोक करत हिंडायचं आणि शेवटी माग्दालेना नदीवरचा पूल ओलांडायचा.

खेळातली पुलाखालची नदी यादिराने बनवलेली. गढूळ पाण्यावरचं ऊन, वाहत येणारे जलपर्णीचे पुंजके, काठाशी मळकट होत जाणारा रंग, यात तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. आणि खेळून बघायला दिलेल्या लोकांचं एकच रडगाणं चालू होतं: पुलावर आलं की खेळ अडकतो. मालक ओस्वाल्दोने सांगून टाकलं होतं की शुक्रवारी खेळ बाजारात जाणार, आणि नदीचा दोष निघाला तर तिच्या जागी एक रंगवलेलं चित्र चिकटवायचं.

पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं उमटली की खेळ लोण्यासारखा चालतो, तीसवर आला की धापा टाकतो. यादिरा रोज मोजत होती. नदीसकट साठ. नदी काढून साठ. परत नदी घातली, परत साठ. डोकं फुटायची वेळ आली. कारण ओस्वाल्दोचा नियम असा, की प्रत्येक मोजणीआधी मोबाईल फ्रीजमध्ये ठेवायचा, कोरोसो फळाच्या सरबताशेजारी, म्हणजे दर वेळी सुरुवात सारखी होते. नियम अगदीच खुळा नव्हता, तीच तर चीड होती. पण मोबाईल तापला की स्वतःला वाचवायला आपणहून मंदावतो, आणि फ्रीजमधून काढलेला मोबाईल मोजणी संपेपर्यंत तापतच नव्हता. मग ती मोजत काय होती? फ्रीज?

बाहेर मोजू या, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ओस्वाल्दोने चष्मा कपाळावर चढवला.

"बाहेर ऊन आज एक, उद्या दुसरं. त्याला मोजणं म्हणतात का, पोरी?"

"लोक काही फ्रीजमध्ये बसून खेळत नाहीत."

"लोकांचे मोबाईल भंगार आहेत, त्याला मी काय करू?"

या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तिने मोबाईल उचलला, स्वेटर खुर्चीवर फेकला आणि शेजारच्या सोलेदाद गावाची बस पकडली. खेळातल्या रस्त्यावरच्या गर्दीचं चित्रण खेळाला जड जात असणार, नदी नव्हे, याची तिला खात्री होती. तेवढं एकदा सिद्ध करायचं आणि नदी वाचवायची.

जाताना ती नदीसकट खेळली. खिडकीतून गरम वारा येत होता, ड्रायव्हरने गाणी कानठळ्या बसतील अशी लावली होती. खेळातल्या गर्दीच्या रस्त्यांवर आकडा साठवरून हलला नाही. खेळातली बस पुलावर आली आणि आकडा सत्तावीसवर कोसळला. शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई वाकून बघत होती.

"आमचा नवरा खेळतो हे," ती म्हणाली. "इथं आला की मोबाईलच्या आईचा उद्धार करतो."

परतताना यादिराने नदी बंद केली आणि गर्दी तशीच ठेवली. मोबाईल एव्हाना जास्तच तापला होता, म्हणजे हाल आणखी व्हायला हवे होते. ती खेळातला पूल पुन्हा पुन्हा ओलांडत राहिली आणि आकडा पन्नासच्या खाली येईना. तिला रडू यायला लागलं, आणि ते बसमध्ये आलं याचाही राग आला. नदीच होती. तिचीच.

ती ऑफिसात शिरली तेव्हा ओस्वाल्दो खुशीत होता. तिच्यामागे त्याने फ्रीजमधल्या दुसऱ्या मोबाईलवर स्वतः मोजलं होतं.

"सलग साठ. तुझी नदी निर्दोष सुटली. ठेवतोय आपण ती."

आठवडाभर हेच ऐकायला ती भांडली होती. गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला.

"नदी काढायला हवी," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? मीच ठेवतो म्हणतोय ना?"

"हात पुढे करा."

तिने नदी परत चालू केली आणि मोबाईल त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो घाईने दुसऱ्या हातात घेतला.

"भाजतंय की गं."

"हे असं धरून खेळतात लोक. आता पुलावर जा."

तो पुलावर गेला. अडखळत, धक्के खात बस पलीकडे पोचली. वरचा आकडा त्याने दोनदा वाचला. यादिराला वाटलं, चला, निदान एवढं तरी त्याच्या डोक्यात शिरलं.

"असं कर," तो म्हणाला, "जरा वेळ फ्रीजमध्ये ठेव. गार झाला की परत मोजू."

यादिरा आपल्या जागेवर जाऊन बसली, स्वेटर अंगात घातला आणि स्वतःच्या हाताने नदी पुसायला लागली.