निळा धूर कधीपासून

बायको सत्यभामा गेल्यापासून गहिनीनाथची गाडी दारात उभी होती ती उभीच. तिला हात लावायला त्याचं मन धजत नव्हतं. पण लेक बबिता चकलांब्याहून आली, तिनं गाडीला दोर बांधून ट्रॅक्टर जोडायला लावला आणि गाडी ओढत नेकनूरला सिदू मेस्त्रीच्या गॅरेजवर आणली. बापालाही सोबत घेतलं.

तेराव्याच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, बबिता सगळ्या गावासमोर सिदूला बोलली होती. "दिवाळीत तुमी गाडी केली, आन् तीन महिन्यांत तिनं माझ्या आईला रस्त्यात टाकलं. तुमी जेवता कसं?" सिदू भरल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर गावातल्या गाड्या दुरुस्तीला बीडला जायला लागल्या. शेवटी सिदूनंच निरोप धाडला, गाडी घेऊन या, ताईच्या डोळ्यांदेखत खोलतो. चूक माझी निघाली तर मान्य करतो.

त्या पंगतीत गहिनीनाथ जावयाच्या शेजारी बसला होता. तो एक शब्दही बोलला नव्हता.

बोलण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ होतं. संक्रांतीच्या आधीच गाडी धूर सोडायला लागली होती. सत्यभामा सकाळी गोठ्यातून दुधाची कळशी घेऊन येताना थांबली आणि म्हणाली, "अहो, हिचा धूर निळा दिसायलाय. वासबी येगळाच हाय." तो म्हणाला, थंडीचा हाय. मग ऑइल कमी व्हायला लागलं. सिदूनं दिवाळीत बजावलं होतं, निळा धूर दिसला की लगेच गाडी आणून लावा, ते ऑइल जळतंय. पण तेव्हा निवडणुकीचा प्रचार चालू होता. विजयसिंह नावाचा उमेदवार गहिनीनाथच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसायचा आणि ताफ्यात ती गाडी सगळ्यात पुढं असायची. चार दिवस गॅरेजला सोडली असती तर पुढची जागा दुसऱ्यानं घेतली असती. गहिनीनाथनं ऑइलचे डबे आणून ठेवले आणि रोज सकाळी ओतत राहिला. सत्यभामा बघायची. दोनदा बोलली, मग बोलायची थांबली.

निकाल लागून आठ दिवस झाले नव्हते, तेव्हा दुपारी तिच्या छातीत कळ आली. तिचे कागद अंबाजोगाईच्या डॉक्टरकडं होते, म्हणून तिकडं निघाले. केजच्या अलीकडं गाडीनं शिट्टीसारखा आवाज केला, मागं एवढा धूर सोडला की रस्ता दिसेना, आणि जोर जाऊन ती थांबली. पाऊण तासानं एक टेम्पो थांबला. डॉक्टर एवढंच म्हणाले, उशीर झाला.

लेकीनं फोनवर विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, गाडी अचानक बंद पडली. ते एकदा सांगितलं आणि मग तेच सांगत राहिला.

सिदूनं बॉनेट उघडलं. बबिता पदर खोचून अगदी जवळ उभी राहिली. गहिनीनाथ टायरच्या ढिगावर बसला.

"चालू करून बघा की," बबिता म्हणाली.

"न्हाई ताई. पाइपात ऑइल भरलेलं असंल तर इंजिन त्याच ऑइलवर पळतं. मग चावी काढून खिशात घातली तरी थांबत न्हाई. आधी खोलू."

"मला काय कळतंय त्यातलं. तुमी म्हणाल ते खरं."

"तसं नको. कळंल असंच सांगतो." सिदूनं हात पुसले. "काळा धूर आला तर डिझेल जास्त, हवा कमी. पांढरा आला तर बहुतेक पाणी जातंय, न्हाईतर डिझेल जळंना. निळा आला तर ऑइल. मामा, त्या दिवशी कसा होता?"

"निळा," गहिनीनाथ म्हणाला.

"मग ऑइल दोन ठिकाणाहून येतं. पिस्टनकडून, न्हाईतर टर्बोतून. शिट्टी वाजली म्हणता, म्हणजे मला टर्बोचाच संशय येतोय."

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा एक भोवरा. सिदूनं त्याच्या पुढचा जाड रबरी पाइप सोडला आणि खाली घमेलं धरलं. काळं, दाट ऑइल धार लावून आलं. बबिता एक पाऊल मागं सरली. घमेल्याचा तळ झाकला तरी धार चालूच होती.

"एवढं?" ती म्हणाली. "हे किती दिवसांचं हाय?"

गहिनीनाथनं मान खाली घातली. आता सिदू सांगणार, असं त्याला वाटलं. सांगू दे. दुसऱ्याच्या तोंडून निघालं तर बरंच.

सिदूनं घमेल्यातल्या ऑइलात बोट बुडवून बघितलं. "ताई, खोटं न्हाई बोलणार. महिनाभर थोडं थोडं जमलं असंल. न्हाईतर टर्बोचा दांडा मोडला की दोन मिनिटांतबी एवढं येतं. ह्याच्यावरून सांगता येत न्हाई."

गहिनीनाथच्या छातीवरचं ओझं हललं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. बायको जाऊन तीन महिने झाले होते आणि तो सुटल्याचा आनंद मानत होता.

सिदूनं आता हवेच्या बाजूचा पाइप धरला. पाना लावायच्या आधीच तो हातात फिरला. सिदू थबकला. त्यानं पाइप आवळून धरणारी क्लिप बोटानं हलवली. ती सैल होती, स्क्रूचे आटे अर्धेच बसलेले होते. आत टर्बोची पाती कडेनं खरवडल्यासारखी झाली होती.

"काय झालं?" बबितानं विचारलं.

सिदू बाकावर टेकला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीला पुसला.

"ही क्लिप सैल हाय. इथून फिल्टर चुकवून धूळ आत जाती, पाती खाती, मग दांडा डगमगतो आन् ऑइल सुटतं. दिवाळीत फिल्टर मीच बदलला होता. हा पाइप मीच काढला होता." त्यानं मान हलवली. "मी आवळल्याशिवाय गाडी देत न्हाई. पण दिवाळीत पंधरा गाड्या होत्या दारात. राहिली असंल. ताई, तुमी पंगतीत बोललात ते बरोबर होतं."

बबिताचा चेहरा घट्ट झाला. तीन महिने तिला हेच ऐकायचं होतं. "माझी आई त्रेपन्न वर्षांची होती," एवढंच ती म्हणाली.

"व्हय ताई."

"दोन नाती हायेत तिला."

"व्हय."

सिदू मान खाली घालून ऐकून घेत होता. पन्नाशीला आलेला माणूस, वीस वर्षं त्या रस्त्यावर गॅरेज चालवणारा. गहिनीनाथला ते बघवेना. ती क्लिप कुणी सैल ठेवली ते त्याला पक्कं माहीत होतं. प्रचाराच्या ऐन गर्दीत, एका सकाळी, धूर फारच वाढला म्हणून त्यानं स्वतः तो पाइप काढला होता. आत ऑइल दिसलं. फडक्यानं पुसलं. तेवढ्यात विजयसिंहच्या माणसाचा फोन आला, निघा म्हणून. त्यानं पाइप बसवला, क्लिप हातानंच फिरवली आणि निघाला.

"बबे," तो म्हणाला.

दोघांनीही वळून बघितलं.

"ती क्लिप सिदूची न्हाई. मी खोलली होती."

"कवा?"

"प्रचारात. पण धूर त्याच्याबी आधीपासून होता. संक्रांतीच्या आधीपासून. रोज ऑइल ओतत होतो. सिदूनं सांगितलं होतं, धूर दिसला की घेऊन या. न्हाई आणली."

सिदू उठून उभा राहिला. "मामा, राहू द्या आता."

"राहू कसं द्यायचं बे. तू ताटावरून उठलास आन् मी जेवलो."

बबिता बापाकडं बघत होती. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"कावून न्हाई आणली?"

त्याच्याकडं उत्तर होतं आणि ते फार लहान होतं. "पुढं गाडी चालवायची हौस होती," तो म्हणाला.

तिनं घमेल्यातल्या ऑइलकडं बघितलं. मग हळू विचारलं, "आईला माहीत होतं?"

"तिनंच पहिल्यांदा सांगितलं होतं."

बबितानं पदर सोडला. ती सिदूकडं वळली. तिनं हात जोडले. सिदूनं घाईनं तिचे हात खाली केले आणि तो पाने गोळा करायला लागला.

"आप्पा," ती म्हणाली, "मी जेवढ्या माणसांसमोर सिदूभाऊला बोलले, तेवढ्यांसमोर तुमी हे सांगा. मी तुमच्यासाठी सांगणार न्हाई."

"आजच?"

"मला साडेपाचची एसटी हाय. त्याच्या आत."

गाव तिथून तीन किलोमीटर. बापलेक ट्रॅक्टरवरून परतले. गावात पारापुढच्या चहाच्या टपरीवर दहा-बारा जण बसले होते, तेराव्याला पंगतीत होते त्यातलेच बरेच. गहिनीनाथला बघून ते सरकले. बायको गेलेला माणूस म्हणून तीन महिने सगळे त्याच्याशी असंच जपून वागत होते. कुणीतरी चहा सांगितला.

"बसा आप्पा."

तो बसला नाही. बबिता ट्रॅक्टरजवळच थांबली होती, तिथून ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

"गाडी खोलली आज," गहिनीनाथ म्हणाला. "सिदूचा काहीच दोष न्हाई. दोष कुणाचा हाय ते सांगतो, मधी कुणी बोलू नका. मला दुसऱ्यांदा सांगता यायचं न्हाई."