शेवंतीची शिवण

माघ उतरणीला लागला होता. परसबागेवरचं धुकं विरत विरत माडांच्या झावळांत अडकलं होतं, आणि त्या धूसर, दवार्द्र उजेडात शिवणीचं झाड उभं होतं. निष्पर्ण, निश्चल, निःशब्द.

त्याच्यासमोर सगुण कातारी उभा होता. सावंतवाडीत लाकूड कातण्यात त्याचा जन्म गेला होता. लोकांच्या बागेतली झाडं त्यानं पुष्कळ पारखली होती. आज झाड घरचंच होतं, आणि त्यात खोट निघावी म्हणून तो मनातल्या मनात देवाच्या विनवण्या करत होता.

कारण ही शिवण त्याच्या लेकीची, शेवंतीची. लेक जन्मली तेव्हा तिची नाळ इथंच पुरली आणि वर बोटाएवढं रोप लावलं. लेक वाढली, झाड वाढलं. लेक सासरी गेली, झाड राहिलं. गेल्या श्रावणात बाळंतपणात लेकच गेली. झाड राहिलं. तिची तान्ही पोर आता आजीच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत निजत होती.

"तिका आवशीच्या झाडाचो पाळणो व्हयो," सगुणची बायको द्वारका एकदाच म्हणाली होती. पुन्हा तिनं विषय काढला नाही, आणि त्यामुळेच त्याला तो टाळता येईना.

त्यानं कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोका दिला. पोकळ असेल, बद्द वाजेल. नाही, खणखणीत, गाभ्यातून नाद आला. सालीच्या रेषांवरून त्यानं बोट फिरवलं. पीळ असेल, कातताना उभी चीर जाईल. नाही, रेषा मुळापासून खांदीपर्यंत सरळ, सालस, शेवंतीच्या भांगासारख्या. त्यानं साल सोलून ढलपा काढला, नखानं दाबला, नाकाशी धरला. कीड नाही, कूज नाही. आतलं लाकूड मऊ, मलईच्या रंगाचं, कोवळ्या वासाचं. इतकं निर्मळ लाकूड त्याच्या हाती क्वचितच आलं होतं, आणि त्याला भडभडून आलं.

द्वारका मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"कसां आसा?"

"नुसती खांदी तोडलंय तर..." तो पुटपुटला, आणि त्याचं त्यालाच पटेना. खांदीचं लाकूड वाळताना वाकतं. पाळण्याच्या दांड्यांना खोडच लागतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही.

उभ्या झाडावर हात ठेवून कातारी खोटं बोलत नाही, ही त्यांच्या आळीतली रीत. सगुणनं तळवा खोडावर टेकवला.

"बरां आसा," तो शेवटी म्हणाला. "काय एक खोट नाय."

द्वारका आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. माहेराहून निघालेल्या लेकीची भरावी तशी तिनं झाडाची ओटी भरली. कुंकू लावलं, खण-नारळ मुळाशी ठेवला, वर तांदूळ ओतले. मग खोडाला दोन्ही हातांनी कवळून ती सालीशी कुजबुजली, "चल गो बाये. घरात चल."

सगुणला रडू आवरेना. तसाच त्यानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव बसला. आणि ओला, उजळ, मलईच्या रंगाचा ढलपा उडाला, ओटीतल्या तांदळांवर अलगद येऊन पडला.